जावईबापूंचं दोन लिटर तेल

काकूंच्या दुकानात तेल नुसतं मागून मिळत नसे. आधी उत्तरं द्यावी लागत.

गिऱ्हाईक काउंटरपाशी येऊन म्हणे, "काकू, गिअर ऑइलचा एक डबा द्या," आणि काकू डब्याकडे न बघता गिऱ्हाइकाकडे बघत. गाडी कुठली? कुठल्या सालची? तेल कशात घालायचंय? आधी कुठलं होतं? ते कुणी सांगितलं? ज्याने सांगितलं त्याने स्वतः बघितलं होतं, की त्यालाही कुणीतरी सांगितलं होतं? इथवर येईस्तोवर निम्म्या लोकांना घाम फुटे. एकदा एक कंत्राटदार वैतागून म्हणाला, "काकू, मी तेल न्यायला आलोय, तुमची मुलगी मागायला नाही." काकू म्हणाल्या, "मुलगी मागायला आला असतात तर इतकं विचारलं नसतं." दुकानातले सगळे हसले. कंत्राटदारही हसला आणि मुकाट्याने गाडीचं पुस्तक आणायला परत गेला.

दुकान अरुंद आणि खूप लांब होतं. तिन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर डबे, आणि प्रत्येक डब्याचं तोंड रस्त्याकडे. काउंटरच्या एका टोकाला पांढरी इनॅमलची ताटली आणि टिपकागदाच्या पट्ट्या असत. कुणी गाडीतून काढलेलं जुनं तेल बाटलीतून आणलं तर काकू त्याचा एक थेंब कागदावर सोडत, तो पसरेपर्यंत दुसऱ्या गिऱ्हाइकाला विचारून घेत, आणि मग थेंबाची कडा बघून निकाल देत. एकतीस वर्षं त्या हे करत होत्या. नवरा गेला तेव्हा त्यांना डबा कुठल्या बाजूने उघडतो हेही माहीत नव्हतं, असं त्या स्वतःच सांगत. आता चार गावचे मेकॅनिक त्यांच्यापुढे शाळेतल्या पोरांसारखे उभे राहत.

एकाच माणसाला त्यांनी आजवर काही विचारलं नव्हतं. तो म्हणजे त्यांचा जावई.

जावई मोठ्या शहरात कंपनीच्या वर्कशॉपमध्ये बारा वर्षं काढून आलेला. बायकोला इथल्या फिरत्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली, म्हणून त्याने तिथली नोकरी सोडली आणि सासूबाईंच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत आपलं गॅरेज टाकलं. हाताचा चांगला होता, डोक्याचाही होता, आणि दोन्ही गोष्टी त्याला पुरेपूर ठाऊक होत्या. काकू त्याला जावईबापू म्हणत. मग शेजारचा टायरवाला म्हणू लागला, पोस्टमन म्हणू लागला, आणि महिन्याभरात परका माणूससुद्धा गाडी घेऊन यायचा आणि विचारायचा, "जावईबापू आहेत का?" त्याला आधी राग येई, पुढे सवय झाली.

तर हे जावईबापू काउंटरवर गेले आणि "आई, अमुक तेल हवं होतं" म्हणाले की काकू लगेच उठत. रांगेत कितीही माणसं असोत. डबा काढत, फडक्याने पुसत आणि दोन्ही हातांनी पुढे करत. कशासाठी, कुणासाठी, एक शब्द नाही. मागे उभा असलेला माणूस अर्ध्या लिटर ब्रेक ऑइलसाठी सहा प्रश्नांना तोंड देत असे आणि जावई डबा घेऊन ऐटीत बाहेर पडत असे. त्याला वाटायचं, बाईंना माणूस कळतो. कंपनीतून आलेल्या माणसाला काय विचारायचं, हे त्यांना बरोबर कळतं. आता असं वाटून घेण्यात त्याची काही फार मोठी चूक नव्हती. आठ महिने रोज कुणी दोन्ही हातांनी डबा दिला तर कुणालाही असंच वाटेल.

बुधवारी फिरत्या दवाखान्याचा ट्रक त्याच्याकडे सर्व्हिसिंगला आला. चारही चाकांना ताकद जाणारा, मागे औषधांची कपाटं आणि तपासणीचं टेबल बसवलेला मजबूत ट्रक. दर गुरुवारी तो डोंगरावरच्या वस्त्यांवर जाई, आणि त्यात डॉक्टर, ड्रायव्हर आणि जावईबापूंची बायको असे. गेल्या पंधरवड्यात वरचा रस्ता खचला होता. दोन वळणांवर कठडा उरला नव्हता आणि चिखल घोट्यापर्यंत होता. म्हणून त्याने ट्रक मन लावून तपासला. इंजिन, ब्रेक, दोन्ही एक्सल, सगळी तेलं बदलायला काढली.

शेवटी राहिली ट्रान्सफर केस. गिअरबॉक्सच्या मागे बसलेली ही ॲल्युमिनियमची पेटी इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देते. ती नीट चालली तर तिची कुणाला आठवणही होत नाही. तिच्यातलं जुनं तेल जळून काळं झालं होतं, रंग कळायला मार्ग नव्हता. त्याने ते पिंपात ओतलं. फोनवर कंपनीचा तक्ता उघडला, ट्रकचं मॉडेल आणि साल टाकलं. तक्त्याने सांगितलं, जाड गिअर ऑइल, नव्वद नंबर, दोन लिटर. तो काउंटरवर गेला.

"आई, नव्वद नंबरचं गिअर ऑइल, दोन लिटर."

काकूंनी डबा काढला, पुसला. काही बोलायचं असल्यासारखं त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग डबा दोन्ही हातांनी पुढे केला.

संध्याकाळी त्याने ट्रक बाजाराभोवती फिरवून आणला. चारही चाकं जोडून टायरवाल्याच्या कोपऱ्यावर वळताना गाडीच्या पोटात किंचित थरथर झाली. टायर जरा झिजलेत, असं त्याने स्वतःला सांगितलं. गुरुवारी सकाळी आठला ट्रक निघाला. बायको खिडकीतून हात हलवून गेली.

दहाच्या सुमाराला तो रिकामे डबे परत द्यायला दुकानात आला. काकू एका ट्रॅक्टरवाल्याची उलटतपासणी घेत होत्या. त्याला आदल्या दिवसाच्या कामाचा अभिमान होता आणि ऐकवायला माणूस हवं होतं.

"आई, दवाखान्याचा ट्रक एकदम फर्स्ट क्लास करून पाठवलाय. सगळी तेलं नवी."

"बरं केलंत," काकू म्हणाल्या. मग त्यांचा हात ताटलीवरच थांबला. "सगळी म्हणजे? कालचं ते नव्वद नंबरचं..."

"ट्रान्सफर केसमध्ये."

काकू खाली बसल्या. "जावईबापू," त्या अगदी हळू म्हणाल्या, "त्यात लाल जातं."

लाल म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये घालतात ते पातळ, लाल रंगाचं तेल. जावईबापूंनी समजूत घातल्यासारखं स्मित केलं. "नाही आई, तुमचा गैरसमज होतोय. मी कंपनीचा तक्ता बघितलाय. या मॉडेलला नव्वदच."

"ट्रकला नव्वदच," काकू म्हणाल्या. त्यांनी काउंटरखालून एक जाडजूड वही काढली. हिशेबाची नव्हे. तिच्या पानापानावर कागदाचे तुकडे चिकटवले होते आणि प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने घासून काढलेला एकेका धातूच्या पट्टीचा छाप होता. पट्टीवरचे उठावाचे आकडे आणि अक्षरं कागदावर जशीच्या तशी उमटलेली. ज्या गाडीबद्दल शंका येई, तिच्या मालकाला काकू कागद आणि पेन्सिल देऊन गाडीखाली पाठवत. छाप आणल्याशिवाय तेल नाही. जावयाने ही वही आठ महिन्यांत पाहिली नव्हती, कारण ती बाहेर काढायची वेळ त्याच्या बाबतीत कधी आलीच नव्हती.

काकूंनी पान काढलं. "सात वर्षांपूर्वी हा ट्रक दवाखान्याचा नव्हता, एका खाणवाल्याचा होता. दरीत घसरला आणि ती पेटी फुटली. त्याने दुसऱ्याच बनावटीच्या ट्रकची पेटी बसवली आणि माझ्याकडे लाल तेल मागायला आला. मी म्हटलं, या ट्रकला लाल जात नाही. दोन दिवस दिलं नाही त्याला. मग हा छाप आणला त्याने."

जावईबापूंनी छाप वाचला आणि पेटी ओळखली. बारा वर्षांत त्याने असल्या पंधरावीस पेट्या तरी उघडल्या असतील. या पेटीत साखळी असते आणि चकत्या असतात. चकत्या एकमेकींना धरतात, सोडतात, आणि हे धरणं-सोडणं त्या लाल तेलाच्याच भरवशावर चालतं. जाड तेलात त्या थरथरतात, घसरतात, तापतात, आणि चढावर जोर आला की जळून जातात. वरच्या बेअरिंगला तेल पोचवणारा पंपही इवलासा, त्याला ते जाड तेल ओढवत नाही. सपाटीवर गाडी ठीक चालेल. चिखलाच्या चढावर, कठडा नसलेल्या वळणावर, पुढची चाकं ऐन वेळी साथ सोडतील. टायरवाल्याच्या कोपऱ्यावरची ती थरथर आता त्याला लख्ख आठवली.

त्याने बायकोला फोन लावला. नदीपलीकडे फोन लागत नसे आणि ट्रक नदी ओलांडून गेला होता.

"डोंगरापायथ्याच्या शाळेत थांबतात ते," काकू म्हणाल्या. "मुलांना तपासतात. अकराला वर निघतात. मोटरसायकल काढा."

त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं, "दुकानावर लक्ष ठेव, कुणाला काही विकू नकोस." कापडी पिशवीत लाल तेलाचा चार लिटरचा डबा घातला, टिपकागद, पेन्सिल आणि वही घातली. जावईबापूंनी बोल्ट खोलायचे पाने, नळी लावलेला हातपंप आणि पसरट घमेलं मागे बांधलं. आणि मग त्या बाजाराने कधी न पाहिलेलं दृश्य पाहिलं. मोटरसायकलवर जावई पुढे, सासू मागे, दोघांच्या मध्ये चार लिटर तेल.

काकू उभ्या आयुष्यात मोटरसायकलवर बसल्या नव्हत्या. जावयाच्या खांद्याला हात लावायचा संकोच, म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी पिशवी कवटाळली होती. प्रत्येक खड्ड्याला त्या वीतभर उडत आणि पुन्हा होत्या तिथे येऊन बसत. त्याचा जीव बायकोसाठी टांगणीला लागला होता आणि मागे म्हातारी पडली तर काय, हा दुसरा घोर. "आई, धरा मला," तो तीनदा ओरडला. चौथ्या खड्ड्याला त्यांनी त्याच्या शर्टाची कॉलर पकडली आणि शाळा येईपर्यंत सोडली नाही.

ते पोचले तेव्हा अकराला दहा मिनिटं होती. ट्रक शाळेच्या सपाट पटांगणात उभा होता, डॉक्टर कपाटं बंद करत होते, ड्रायव्हर चढून बसला होता. बायको पायरीवर पाय ठेवून थबकली. नवऱ्याच्या कॉलरला लटकलेली आई बघून ती हसणार होती, पण दोघांचे चेहरे बघून हसली नाही.

"काय झालं?"

"ट्रान्सफर केसमध्ये मी चुकीचं तेल घातलंय," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून याआधी कधी निघालं नव्हतं, आणि ते निघाल्यावर त्याला स्वतःलाच बरं वाटलं. "अर्धा तास द्या. काढून दुसरं घालतो."

डॉक्टर ड्रायव्हरकडे बघू लागले. ड्रायव्हर म्हणाला, "तरीच वळणावर गाडी कुरकुरत होती."

जावईबापूंनी ट्रकखाली घमेलं सरकवलं, पाना घेतला आणि काकूंकडे हात केला. "आई, डबा."

काकूंनी डबा दिला नाही. पिशवी छातीशी धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. आवाज दुकानातला होता. गेले आठ महिने त्याने रोज ऐकलेला, आणि कधीही त्याच्याशी न बोललेला.

"आधी पेटीचा नंबर बघा."

"आई, वहीत छाप आहे ना."

"तो सात वर्षांपूर्वीचा. मधे खाणवाल्याने ट्रक विकला, दवाखान्याने घेतला. मधल्या काळात कुणी पुन्हा पेटी बदलली नसेल, हे तुम्ही बघितलंय?"

"पण तुम्हीच तर म्हणालात, लाल जातं."

"मी म्हणाले. मीही बघितलेलं नाही. माझी मुलगी त्यात बसणार आहे, जावईबापू. छाप आणल्याशिवाय तेल मिळणार नाही." आणि त्यांनी कागद आणि पेन्सिल पुढे केली.

पटांगणात डॉक्टर होते, ड्रायव्हर होता, बायको होती, वर्गाच्या खिडक्यांतून पन्नासेक पोरं बघत होती. एखाद्याच्या अंगाचा तिळपापड झाला असता. जावईबापू मात्र क्षणभर काकूंकडे बघतच राहिले. एवढी घाई, एवढी भीती, आणि ही बाई स्वतःच्या वहीवरसुद्धा विसंबायला तयार नाही. कंपनीत त्याला मोठमोठे इंजिनिअर भेटले होते, ज्यांना उत्तरं पाठ होती. आपल्याच उत्तरावर शंका घेणारं माणूस त्याला आज दिसत होतं, तेही वीस किलोमीटर खड्ड्यांतून उडत आल्यावर. त्या घटकेला त्याला सासूबाईंचा एवढा अभिमान वाटला की तो कागद घेऊन गाडीखाली शिरला.

पेटी अजून कोमट होती आणि तिच्यावर चिखलाचा थर होता. त्याने फडक्याने तो खरवडला. मागच्या बाजूला, एका बोल्टाखाली अडकवलेली बोटभर पट्टी सापडली. कोपर खडीत रुतत होतं. त्याने कागद दाबून धरला आणि पेन्सिल आडवी करून घासली. एक एक अक्षर वर येऊ लागलं. बायको ट्रकशेजारी ओणवी होऊन त्याच्यासाठी बॅटरी धरून होती.

"आईने मला लहानपणी असंच गाडीखाली घातलं होतं कितीदा," ती म्हणाली. "मला वाटायचं, सगळ्यांच्या आया असंच करतात."

तो छाप घेऊन बाहेर आला. काकूंनी चष्मा लावला, वही उघडली आणि दोन्ही कागद शेजारी धरले. अक्षरावर बोट ठेवून वाचत गेल्या, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. शेवटचा आकडाही तोच निघाला. मग त्यांनी डबा दिला.

पुढचं काम त्याने चोख केलं. आधी वरचं भरायचं बूच उघडलं, कारण खालचं उघडून तेल सांडल्यावर वरचं अडकलं तर पंचाईत. मग खालून जाड तेल काढलं. काकूंनी त्याचा एक थेंब कागदावर घेतला, कडा बघितली आणि म्हणाल्या, "चकत्या जळल्या नाहीत अजून." दोन लिटर लाल घालून ट्रक पटांगणात सावकाश फिरवला, जाड तेलाचा अंश धुऊन निघावा म्हणून तेही काढलं, आणि उरलेलं दोन लिटर पंपाने चढवलं, वरच्या तोंडातून बारीक लाल ओघळ येईपर्यंत. बूच घट्ट केलं. ड्रायव्हरने चारही चाकं जोडून शाळेला दोन घट्ट वळसे घातले. ट्रक गुपचूप वळला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, बहुधा तास बुडाल्याबद्दल.

ट्रक चढाला लागला. पहिल्या खचलेल्या वळणावर तो चिखलात थोडा बसला आणि मग पुढच्या चाकांनी जमीन धरली. इंजिनाचा आवाज एकसारखा वर वर जात राहिला. तो ऐकू येईनासा होईपर्यंत दोघं पटांगणात उभी होती.

"चूक माझी आहे," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "काल डबा देताना तोंडावर आलं होतं, कुठल्या गाडीसाठी म्हणून. पण म्हटलं, जावयाला कसं विचारायचं. वाईट वाटेल. तुमचा मान ठेवायला गेले आणि पोटच्या पोरीला तसल्या रस्त्यावर धाडलं."

"आई, मीही सांगितलं नाही ना. मला वाटायचं, मला विचारायची गरजच नाही." तो मोटरसायकलला किल्ली लावून थांबला. "मला तुमच्याकडून शिकायचंय. पण तुम्ही विचारलंच नाहीत तर मी शिकणार कसा? यापुढे मला विचारत जा. चारचौघांत विचारा."

"राग येईल."

"येऊ द्या."

या वेळी काकूंनी बसल्याबरोबर त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मोटरसायकल रस्त्याला लागली, पहिला खड्डा गेला, दुसरा गेला.

"जावईबापू."

"हं?"

"या गाडीत तेल कुठलं घातलंय?"

त्याने सांगितलं.

"शेवटचं कधी बदललं?"

त्याने जरा आठवून सांगितलं.

"आणि साखळी वाजतेय ती कधीपासून?"

त्याला उत्तर द्यायचं होतं. तोंडावर एक आलंही. मग त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि गुडघ्यावर बसून बघायला लागला.